१६ इंची नळीत काडतूस कोणतं? एका हलक्या रायफलीचं प्रकरण

रायफल .३०८ विंचेस्टर या काडतुसाची, बोल्टची, म्हणजे दर गोळीला हातानं खटका मागं-पुढं ओढायची. नळी १६ इंच, म्हणजे साधारण ४१ सेंटिमीटर. दुर्बिणीसकट वजन जेमतेम ३ किलो. मालक माझा भाचा. मूळचा कोरेगाव तालुक्यातला, आता न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका डेअरी फार्मवर कामाला आहे. मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, निवृत्तीनंतर साताऱ्यात असतो. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला, की या रायफलीत काडतूस कुठलं घालायचं.

दुकानात .३०८चे डबे रांगेनं लावलेले असतात आणि त्यातला कुठलाही या रायफलीत बसतो. अडचण तिथूनच सुरू होते. डब्यावर छापलेले आकडे या रायफलीचे नसतात, आणि मिळणारा सल्ला बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या खांद्याला बेतलेला असतो.

पुढे जाण्याआधी एक खुलासा, कारण हे वाचणाऱ्यांत पाटण-जावळीचे शेतकरीही असतील. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. रानडुकरानं भुईमूग उकरला किंवा गव्यानं ऊस झोपवला, तरी पंचनामा आणि वनखात्याकडे अर्ज हाच रस्ता. डुकराला मारायची परवानगी त्या कायद्याच्या कलम ११ खाली आणि ठरलेल्या अधिकाऱ्याकडूनच मिळते. शेतसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. खालचं सगळं बोलणं न्यूझीलंडच्या रानातलं आणि तिथल्या कायद्यात बसणारं आहे.

तिथली परिस्थिती आपल्या उलट आहे. वटवाघळं सोडली तर त्या बेटांवर जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणीच नाही. तांबडं हरीण १९व्या शतकात बाहेरून नेऊन सोडलं, हिमालयातला ताहर (रानबोकडासारखा प्राणी) १९०४ साली. खाणारं जनावर कुणी नाही आणि चारा भरपूर, तेव्हा कळप वाढत गेले आणि जंगलातली कोवळी रोपं त्यांच्या तोंडी जायला लागली. त्यामुळे सरकारी रानात हरीण मारायला तिथलं संवर्धन खातं फुकट परवाना देतं. हत्याराचे नियम मात्र कडक आहेत. मार्च २०१९च्या क्राइस्टचर्चमधल्या हल्ल्यानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफली बंद झाल्या, २०२३ पासून हत्यारांची नोंदवही सुरू झाली, काडतुसं विकत घ्यायलाही लायसन्स लागतं, आणि घरी ती रायफलीपासून वेगळी कुलपात ठेवावी लागतात. भाच्यानं हे सगळं रीतसर केलेलं आहे. तो शिकार करतो ती मटणासाठी. एक मादी मिळाली की फ्रीजरची बरेच दिवस चिंता नाही. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, गळ्यात तुळशीची माळ आहे. तेव्हा हा विषय मामा-भाच्यातच राहतो.

आखूड नळी कशासाठी

नळी आखूड असली की गोळीचा वेग कमी होतो, हे माहीत असूनही त्यानं १६ इंची रायफल घेतली. त्याचं कारण रास्त आहे. तिथं सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करणारं नळकांडं, लावायला बंदी नाही आणि बहुतेक शिकारी तो लावतात. २२-२४ इंची नळीपुढं आणखी १५-२० सेंटिमीटरची नळकांडी लावली की रायफल काठीसारखी लांब होते आणि दाट झाडीत प्रत्येक वेलीला अडकते. १६ इंची नळीला सप्रेसर लावला की लांबी साध्या रायफलीएवढीच राहते. (तिथल्या कायद्यात एकूण लांबी ७६२ मिलिमीटरच्या खाली गेली की हत्यार पिस्तुलात धरतात. ही रायफल त्याच्या बरीच वर आहे.)

दुसरं, .३०८ हे काडतूस आखूड नळीला मानवणारं आहे. पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) दारू बेताची आणि नळीचं छिद्र त्या मानानं मोठं, त्यामुळे दारूचं बरंचसं काम पहिल्या काही इंचांत उरकतं. मोठ्या पुंगळीची मॅग्नम काडतुसं आखूड नळीत घातली की दर इंचाला जास्त वेग गमावतात आणि उरलेली दारू तोंडाशी भडका होऊन जळते. भाच्यानं रायफल चांगली निवडली होती. अडलं ते फक्त काडतुसावर.

जड डबा आणि स्वस्त डबा

त्यानं आधीच एक डबा आणला होता, १८० ग्रेनच्या गोळीचा. ग्रेन हे वजनाचं माप. साडेपंधरा ग्रेनचा साधारण एक ग्रॅम, म्हणजे ही गोळी ११.७ ग्रॅमची. गोळीचं टोक मऊ, आत शिसं, वर तांब्याचं आवरण. दुकानदारानं सांगितलं की जनावर मोठं, तर गोळी जड. फार्मवरच्या एका जुन्या शिकाऱ्यानं पुस्ती जोडली की झाडीत जड आणि हळू गोळीच बरी, ती फांद्या कापत सरळ जाते.

हा समज जगभर आहे आणि तो खोटा आहे. वाटेत फांदी आली की हलकी असो वा जड, गोळी वाकडी होऊ शकते किंवा आडवी फिरू शकते. जड गोळी थोडी कमी फिरेल, पण तेवढ्या भरवशावर जनावरावर चाप ओढायचा नसतो. झाडीतून मारायचं तर मोकळी फट शोधायची, ती नसेल तर थांबायचं.

दुसरा डबा त्याला एका ओळखीच्यानं देऊ केला होता, फौजी ७.६२चा, बराच स्वस्त. “मामा, ही तर तुमच्या एसएलआरचीच गोळी. फौजेची गोळी वाईट कशी असंल?” एसएलआर म्हणजे आमच्या वेळची फौजी रायफल. साताऱ्यातल्या घरात वाढलेल्या पोराकडून हा प्रश्न येणारच. फौजेचं ते सगळं भारी, ही आपल्याकडची समजूत.

त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ७.६२ हे फक्त नळीच्या छिद्राचं माप, मिलिमीटरमधलं; एवढ्यानं काही कळत नाही. एके-४७ पण ७.६२ आणि एसएलआर पण ७.६२, पण एकीची पुंगळी ३९ मिलिमीटरची आणि दुसरीची ५१ची. ५१ची भावंड म्हणजे .३०८, जी १९५२ साली बाजारात आली. दोन, फौजी गोळीला टोकापर्यंत धातूचं अखंड आवरण असतं. ती अंगात शिरून उघडत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते. जनावर पळतं, दूर कुठंतरी झुडपात जाऊन तासन्‌तास तडफडतं आणि बहुतेकदा सापडत नाही. उघडणाऱ्या गोळ्या लढाईत वापरू नयेत असं १८९९च्या हेग जाहीरनाम्यात ठरलं, आणि त्या वादाला निमित्त झाल्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या गोळ्या. लढाईत जिच्यावर बंदी आली तीच गोष्ट शिकारीत सक्तीची मानली जाते, कारण इथं जनावर लवकरात लवकर संपणं हेच माणुसकीचं असतं. स्वस्त डबा बाद झाला.

वेगाचा हिशेब

आता खरा प्रश्न. डब्यावर १८० ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला २६२० फूट, म्हणजे सुमारे ८०० मीटर छापलेला होता. असे आकडे साधारण २४ इंची चाचणी-नळीतून काढलेले असतात. नळी दर इंचानं कमी केली की .३०८मध्ये सेकंदाला २० ते ३० फूट वेग जातो. ८ इंच कमी, म्हणजे दोनशे फुटांच्या आसपास तोटा. हा अंदाज झाला. मी भाच्याला सांगितलं की तिथल्या रायफल क्लबात क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, असेल, तो वापर आणि आकडे पाठव.

आकडे आले. १८० ग्रेन: सेकंदाला ७४२ मीटर. शिशाचीच पण १५० ग्रेनची, प्लास्टिक टोकाची: ८०६ मीटर, जिच्या डब्यावर ८६० होते. आणि तिसरा डबा त्यानं माझ्या सांगण्यावरून आणला होता, १३० ग्रेनची निव्वळ तांब्याची गोळी: ८७५ मीटर.

मग त्याचा एक उपप्रश्न आला. कुठंतरी वाचलं होतं की आखूड नळीला झटकन जळणारी दारू लागते, तसे खास डबेही मिळतात. यात थोडं तथ्य आहे, पण वेगाच्या बाबतीत नाही. लांब नळीत जी दारू सगळ्यात जास्त वेग देते, तीच बहुधा आखूड नळीतही देते, फक्त दोन्हीकडचा आकडा वेगळा. झटकन जळणाऱ्या दारूनं तोंडाशी होणारा भडका आणि आवाज कमी होतो, संध्याकाळच्या अंधारात डोळे दिपत नाहीत. पण भाचा सप्रेसर लावणार होता, तेव्हा त्यासाठी जादा पैसे घालायचं कारण नव्हतं.

नळीच्या तोंडाशी वेग किती हे कळलं, पण हरीण नळीच्या तोंडाशी उभं नसतं. बघायचं ते जनावरापाशी पोचताना उरलेला वेग, कारण गोळी उघडते ती वेगानं. साध्या शिशाच्या गोळीला उघडायला सेकंदाला निदान साडेपाचशे मीटर लागतात असं धरायला हरकत नाही. तांब्याची गोळी कडक, तिच्या टोकाच्या पोकळीत पाणी-मांस जोरानं घुसलं तरच ती कणसाच्या सालपटांसारखी मागं उलगडते. तिला सहाशेच्या वर वेग असलेला बरा. काही कंपन्या याहून कमी आकडा सांगतात, पण सीमेवर खेळायचं कशाला?

हवेचा अडथळा धरून हिशेब मांडला. १५० ग्रेनची शिशाची गोळी या आखूड नळीतून ३८०-३८५ मीटरपर्यंत उघडण्याइतका वेग टिकवते. हीच गोळी २४ इंची नळीतून गेली असती तर ४५०पर्यंत. म्हणजे ८ इंच नळी कमी केल्याची किंमत साधारण ६५ मीटर पल्ला. लोक म्हणतात आखूड रायफलीत ‘दम’ नसतो. दम असतो, फक्त तो थोडा अलीकडे संपतो. १८० ग्रेनची गोळी मुळातच हळू निघते, तिची हद्द ३००च्या आसपास. तांब्याच्या १३० ग्रेनची पण ३००-३२०पर्यंतच, पण ती वेगळ्या कारणानं: तिला उंबरठाच जास्त आहे.

तांब्याचीच घ्यायची तर १५० ग्रेनची का नको, हे त्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि नळीतून हळू निघते. आखूड नळीत आधीच वेगाची चणचण. शिवाय शिशाची गोळी अंगात शिरल्यावर तुटते, वजन गमावते, म्हणून सुरुवातीलाच जड घेतात. तांब्याची गोळी जवळजवळ पूर्ण वजनानिशी आरपार जाते. म्हणून तांबं घेताना एक पायरी हलकं घ्यायचं हा नियम मला पटतो, आणि नळी जितकी आखूड तितका जास्त पटतो. नळीतला पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) दर ११ इंचाला एक वळसा असा होता, १३० ग्रेनच्या गोळीला तो भरपूर झाला.

आता यातली गंमत बघा. मी त्याला विचारलं, “तू खरं सांग, किती लांबून मारणार?” तो म्हणाला, “मामा, झाडीत शंभर मीटर म्हंजी लई झालं. ओढ्याकाठच्या मोकळ्या पट्ट्यात फार तर दोनशे.” दोनशे मीटरवर १८० ग्रेनच्या गोळीकडे ६२० मीटरच्या आसपास वेग उरतो, १५०च्या गोळीकडे ६६५, १३०च्या तांब्याकडे ७००. तिघीही उघडतात. ऊर्जा काढली तर तिघींची २०८० ते २२४० ज्यूलमध्ये, म्हणजे हरणाला फरक कळणार नाही इतकी जवळ. जड गोळीनं ‘मोठा मार’ बसतो ही दुकानदाराची बाजू दोनशे मीटरवर आकड्यांत जवळपास दिसतच नाही.

मग निवड कशावरून करायची? वेगाच्या तक्त्यानं फक्त कुठं थांबायचं ते सांगितलं. डबा कोणता उचलायचा ते ठरलं दुसऱ्या दोन गोष्टींवर.

खांदा

पहिली गोष्ट धक्का. भरलेली एसएलआर पाच किलोच्या आसपास असते. तिचा धक्का हिशेबानं साधारण १४ ज्यूल, आणि गॅसवर चालणारी यंत्रणा तोही पसरून देते. भाच्याची रायफल ३ किलोची आणि बोल्टची. तिच्यात १८० ग्रेनचं काडतूस उडवलं की मागं येणारी ऊर्जा २४ ज्यूलच्या घरात जाते. १५०ला साडेएकवीस, १३०च्या तांब्याला २१च्या थोडी खाली. वरून बघता हा फरक सातव्या हिश्श्याचा, किरकोळ वाटेल. पण हलक्या रायफलीत तो आधीच वरच्या पायरीवर असतो, आणि माणसाचं शरीर अशा धक्क्याला फार लवकर घाबरायला शिकतं.

भाच्याचं तेच झालं होतं. सप्रेसर यायला वेळ लागला, तोवर त्यानं १८० ग्रेनचा डबा नुसत्या नळीवरच उडवून पाहिला. १६ इंची नळीच्या तोंडाशी दाब अजून बराच शिल्लक असतो, त्यामुळे कडाका भयंकर. १०० मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे भोकांचे घोळके, ९-१० सेंटिमीटरचे, तेही डावीकडे खाली सांडलेले. त्याचं म्हणणं, “रायफललाच ही गोळी आवडत नाय.” रायफलीला आवडनिवड असते हे खरं आहे, पातळ नळी प्रत्येक गोळीला वेगळी थरथरते. पण उजव्या हाताच्या माणसाचे ग्रुप डावीकडे खाली जायला लागले की मी आधी नेमबाजाकडे बघतो.

त्यावर फौजेतला जुना उपाय सांगितला. जोडीदारानं पाठ करून चेंबरमध्ये कधी जिवंत काडतूस भरायचं, कधी डमी. नेम धरणाऱ्याला कळता कामा नये. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. त्यानं पाठवलेल्या व्हिडिओत डमीवर चाप ओढताना नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली जाताना दिसत होतं. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी नळी खाली. माझ्या मते हलक्या रायफलीचं काडतूस निवडताना ही चाचणी क्रोनोग्राफपेक्षा जास्त मोलाची आहे, आणि ती जवळजवळ फुकट होते.

उपचार साधा: १८० बंद. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. महिनाभर कमी धक्क्याच्या .२२ रायफलीवर चाप ओढायचा सराव. मग सप्रेसर लावून १३० ग्रेन. साडेतीनशे ग्रॅमचं नळकांडं पुढं लागलं की वजनही वाढतं आणि निघणारा गॅसही रोखला जातो, त्यामुळे धक्का बराच उतरतो. नळीत आधी शिशाच्या गोळ्या गेलेल्या होत्या, म्हणून तांब्याची गोळी घालायच्या आधी नळी चिंधी ओली करून नीट साफ करायला लावली. जुन्या थरावर नवीन गोळीचा ग्रुप बघणं म्हणजे दोघींचा मिळून निकाल बघणं.

ग्रुप घेतानाही एक पथ्य. पातळ नळी तिसऱ्या-चौथ्या गोळीला तापते आणि नेम सरकवते. रेंजवर लोक दहा गोळ्या भराभर उडवतात आणि मग गोळीला दोष देतात. शिकारीत पहिली, गार नळीतली गोळीच कामाची. म्हणून तीन गोळ्या, मग नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, आणि प्रत्येक वेळची पहिली गोळी वेगळ्या कागदावर नोंदवायची. या शिस्तीनं १३० ग्रेनचे ग्रुप साडेतीन-चार सेंटिमीटरवर आले, गार नळीतल्या पहिल्या गोळ्या एकमेकींच्या शेजारी. १५० ग्रेनची शिशाची गोळीही जवळपास तशीच चालली. हरणाच्या छातीतली मर्माची जागा निदान २० सेंटिमीटर रुंद असते. दोनशे मीटरसाठी दोन्ही गोळ्या पुरेशा झाल्या. याहून बारीक ग्रुपसाठी डब्यामागून डबे आणणं हा हौसेचा भाग, शिकारीचा नाही.

ताट

राहिल्या दोन गोळ्या: १५० ग्रेन शिशाची आणि १३० ग्रेन तांब्याची. तांब्याचा डबा बराच महाग. इथं दुसरी गोष्ट आड आली. भाच्याच्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे आणि हे मटण तिच्या ताटात जाणार. शिशाची गोळी वेगानं आदळली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबवर मांसात पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. जखमेभोवतीचं मांस कापून टाकलं तरी सगळे निघतील याचा भरवसा नाही, आणि वाढत्या मुलांच्या मेंदूला शिसं किती वाईट हे वेगळं सांगायला नको. डेन्मार्कनं तर एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदीच घातली. न्यूझीलंडमध्ये हरणासाठी तशी बंदी नाही, निर्णय ज्याचा त्यानं करायचा. मी त्याला एवढंच म्हणालो की वर्षाला तू जेवढी हरणं मारतोस त्याला अर्धा डबासुद्धा लागत नाही, मग महाग म्हणजे किती महाग? सरावाला स्वस्त शिशाच्या गोळ्या वापर, पण लक्षात ठेव, दोघींचा मार एका जागी पडणार नाही. रानात जायच्या आधी तांब्याच्या दोन-तीन गोळ्यांवर झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळीचा मार ठरल्या अंतरावर एका जागी येतात का ते, तपासल्याशिवाय जायचं नाही.

झिरो २०० मीटरवर ठेवला. त्यामुळे १०० मीटरवर गोळी चार-पाच सेंटिमीटर वर लागते आणि दोनशेच्या आत कुठंही वर-खाली धरायची कटकट राहत नाही.

पहिली मादी मार्चच्या शेवटी मिळाली, तिकडं तेव्हा शरद ऋतू आणि हरणांच्या आरोळ्यांचे दिवस. अंतर १४० मीटर. तांब्याच्या गोळीबद्दल एक सूचना मी आधीच देऊन ठेवली होती: बरगडीच्या मागं मऊ जागी मारण्यापेक्षा पुढच्या पायाच्या वर, खांद्याच्या हाडातून मार. शिशाची गोळी फुटून आत कालवाकालव करते. तांब्याची उघडते पण तुटत नाही, तिला हाड मिळालं की काम चोख होतं. त्यानं नेम थोडा मागं धरला. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेली, आणि मादी जणू काही झालंच नाही अशी चाळीसेक मीटर पळाली. त्याचा जीव वर आला. पण सांगितल्याप्रमाणं तो जागेवर थांबला, मागं धावला नाही. मग रक्ताची रेघ धरत गेला तर झुडपाच्या पलीकडं पडलेली. बाहेर पडायची जखम मोठी होती, म्हणून रेघ ठळक. तांब्याकडून हेच मिळतं: जनावर जागच्या जागी कोसळेलच असं नाही, पण माग सुटत नाही. ज्याला ‘धाड’ करून पडलेलंच बघायचंय त्याला ही गोळी पहिल्या वेळेला निराश करते. फुकट गेलेलं मांस मूठभर.

आता त्याला ताहरच्या मागं जायचंय. उघडे डोंगर, बर्फाच्या रेषेजवळचे कडे, अंतरं तीनशे-साडेतीनशे आणि वर सुसाट वारा. त्याचा फोन असा की १५० ग्रेनची शिशाची गोळी ३८० मीटरपर्यंत उघडते असं तुम्हीच म्हणाला होता, मग तीच घेऊन जातो.

उघडते हे खरं. पण २०० मीटरवर झिरो केलेली ती गोळी ३०० मीटरवर जवळजवळ फूटभर खाली येते आणि ३५० मीटरवर त्याच्या दुपटीच्या आसपास. अंतराचा अंदाज तीस मीटरनं चुकला तर गोळी पायात किंवा पाठीवरून. शंभर मीटरवर चार सेंटिमीटरचा ग्रुप साडेतीनशेवर निदान १४चा होतो, तोही बाकावर बसून, वारा नसताना. दम लागलेला असताना दगडावर टेकून तो दुप्पट धरायचा. ताहरची मर्माची जागा हरणापेक्षा लहान. वर तीन किलोची रायफल हातात स्थिर राहायला अवघड. वजन कमी केल्याचा फायदा चढताना मिळतो, चाप ओढताना नाही. तिथं काडतूस बदलून काही साधणार नाही. मी त्याला दोन पर्याय दिलेत: कड्याच्या वरून वळसा घालून दोनशेच्या आत जायचं, किंवा क्लबातल्या कुणासोबत जाऊन त्याच्या देखरेखीखाली लांब नळीची, जड रायफल वापरायची. त्यानं पहिला पर्याय धरलाय. १३० ग्रेनचा तोच डबा घेऊन जाणार आहे, आणि दोनशेच्या आत पोचता आलं नाही तर नुसते फोटो काढून परत येणार आहे, असं म्हणतो.